बेलाची आकडी

शिपायानं गाठोडं उंबऱ्यावर टाकलं, जगदेवीचा अंगठा कागदावर उमटवून घेतला आणि पाठ फिरवली. काय, कुणाचं, कशाला, चकार शब्द नाही.

"ओ, मानूस कुटंय?" जगदेवी ओरडली.

"मला काय म्हाईत? मी पोचवनारा," असं म्हणत तो बोळातनं दिसेनासा झाला.

गाठोड्यात धोतर होतं. सदरा होता, घाम वाळून पांढऱ्या रेघा आलेला. आणि सदऱ्याच्या खिशात, दोऱ्यासकट, चांदीची डबी.

डबी दिसली आणि तिचा सासरा सिद्धलिंगप्पा उठता उठता मट्कन खाली बसला.

"गेलं," म्हातारा म्हणाला. "माझं पोरगं गेलं."

लिंगायताच्या घरात पोर जन्मलं की स्वामी येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधतो, अशाच डबीत घालून. ते मग अंगावरनं उतरत नाही. आंघोळीला नाही, झोपताना नाही, तापानं फणफणला तरी नाही. मेल्यावरसुद्धा नाही. माणसाला मातीत बसवतात तेव्हा तेच लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात आणि वरनं माती ओढतात. माणसाला सोडून एकटंच घरी आलेलं लिंग म्हाताऱ्यानं सत्तर वर्षांत बघितलं नव्हतं. त्याच्या लेखी याचा अर्थ एकच.

बोळात बातमी फिरायला वेळ लागतो होय? तेलाच्या घाण्याशी बांधलेला बैल दचकून उभा राहिला, एवढा गलका झाला. शेजारची हेमावती सगळ्यात पुढं. "अय्यो, जगदेवी गं!" म्हणत तिनं गळा काढला आणि जगदेवीचं मनगट धरून बांगड्या चाचपायला लागली.

"हात सोड," जगदेवी म्हणाली.

"अगं पर रीत..."

"हात सोड, न्हायतर तुझ्याच फोडते!"

रडणं कापल्यासारखं थांबलं.

जगदेवी उभी राहिली. सत्तावीस वर्षांची बाई, अंगानं काटक, पण आवाज घाण्यात फिरणाऱ्या लाकडी लाटेसारखा करकरीत. "मामंजी, मला सांगा. मानूस मेला तर लिंग कुटं जातं?"

"त्याच्यासंगट. मातीत."

"मग हे मातीत न्हाय, हितं हाय. म्हंजे मानूस मातीत न्हाय. मानूस हाय आनि लिंग त्याच्यापाशी न्हाय. कालपासनं न्हाय!"

आता म्हाताऱ्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो जास्तच घाबरला. कारण त्याचा मल्लिकार्जुन लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घालत नसे. आणि तीस सालचा तो मे महिना. सोलापूरचं ऊन. घोटभर पाण्याशिवाय बैलसुद्धा दुसरा दिवस काढत नाही.

आता मल्लिकार्जुनाला धरलं कशाला, ते ऐका आणि हसायचं का रडायचं ते ठरवा.

गावात मार्शल लॉ लागलेला. झेंडा दिसला की धर, टोपी दिसली की धर. अशात सोमवारी, पूजेला बेल पाहिजे म्हणून हा पठ्ठ्या पहाटेच बाहेर पडला. हातात नेहमीची आकडी, म्हणजे फांदी ओढायला टोकाशी वाकडा खिळा ठोकलेला लांब बांबू. पानं ठेवायची पांढरी झोळी त्याच बांबूला वर अडकवलेली. गोऱ्या शिपायांनी लांबनं बघितलं. काठी, काठीला कापड. झालं! झाडाखालनंच उचलला. बेल कशाशी खातात ते त्यांना काय ठाऊक? तीन दिवस चौकीत ठेवला. तिथं लिंग गळ्यातच होतं आणि जगदेवी रोज भाकरी पोचवत होती. काल गेली तर सांगितलं, हलवला.

हे सगळं त्या लिंगापायी. जगदेवीचा राग तिथंच होता. आजचा नाही, लग्नापासूनचा. तिच्या माहेरी पूजा दोन बोटांत उरकायची. हा माणूस तासभर बसायचा. भाकरी गार व्हायची, बैल हंबरायचा, गिऱ्हाईक दारात खोळंबायचं. "दगडाला आंघोळ, बायकोला बोंबला," असं ती तोंडावर म्हणायची. तो नुसता हसायचा.

तिनं तांब्याभर पाणी घेतलं. कोनाड्यातली इभूतीची वडी घेतली. रविवारचा बेल परडीत वाळून पडला होता, तो घेतला. बेल शिळा होत नाही म्हणतात. बघू.

"मी जातीय," ती म्हणाली.

"परक्या हातात देऊ नगंस," म्हातारा म्हणाला. "डबी उघडू नगंस पोरी. दुसऱ्याचं लिंग आपन शिवत न्हाय. स्वामीला इचारू आधी."

"स्वामी सांच्याला येतोय. तवर ह्यांचा घसा राहील व्हय?"

हेमावती मुकाट मागनं निघाली. मघाच्या बांगड्यांची लाज वाटत असावी.

रस्ता असा तापलेला की वहाणेतनं चटका यायचा. जगदेवीनं डबी पदरात बांधून मुठीत धरली होती आणि सगळी वाट ती त्या मुठीशी भांडत होती.

"तीस वर्सं. तीस वर्सं एक दिस तुला उपाशी ठेवलं का त्यानं? तापात कण्हत बसला, पर तुझ्या डोक्यावर पानी घातलं. तुझ्यासाठी बेल आनायला गेला आनि तू काय केलंस? त्याच्या गळ्यात हुतास न्हवं तू? तुला दिसलं न्हाय शिपाई आला ते? का झोपला हुतास?"

"जगदेवी," हेमावती दबक्या आवाजात म्हणाली, "लोक बघाल्यात. दगडाशी काय भांडतीस?"

जगदेवी गर्रकन वळली. "दगडाशी कोन भांडतंय? दगडाशी भांडायला मी खुळी हाय का?"

चार पावलं तशीच गेली. पुन्हा मुठीकडं तोंड नेऊन म्हणाली, "ऐकतोयस न्हवं? मग ऐक. त्याला काय झालं तर तुला हिरीत टाकीन."

गावाबाहेर कापसाच्या एका जुन्या गुदामाला काटेरी तार मारून जेल केलं होतं. चौकीतनं हलवलेली माणसं तिथंच नेतात, हे गावाला ठाऊक होतं. दारात बंदूकवाला. आत टेबलाशी शरच्चंद्रपंत म्हणून एक कारकून, मानेवरचा घाम पुसत बसलेला. जगदेवीला एकटीलाच आत सोडलं. हेमावती तारेपाशी थांबली.

"नवऱ्याचं नाव?" पंतांनी मान वर न करता विचारलं.

"सिद्धलिंगप्पांचं थोरलं पोरगं."

"सासऱ्याचं नको बाई. नवऱ्याचं."

"कसब्यातले. तेलाचा घाना हाय. बेल तोडताना धरलेले."

"अहो, नाव! दीडशे माणूस आहे इथं!"

अकरा वर्षांच्या संसारात उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव तिच्या तोंडातनं निघालं नव्हतं. "मल्लिकार्जुन!" ती असं ओरडली की बंदूकवाला आत डोकावला. "मल्लिकार्जुन! मल्लिकार्जुन! झालं समादान?"

पंतांनी कागद चाळले आणि त्यांचा चेहरा बदलला. "हा होय. जिवंत आहे. पण हट्टी हो तुमचा माणूस. कालपासून पाण्याला शिवला नाही. सकाळी चक्कर येऊन पडला. उपोषण म्हणून वर कळवलंय. साहेब म्हणतात, संध्याकाळी फटके द्या, मग बघू कसा पीत नाही."

"उपोशन?" जगदेवीला आधी हसूच आलं, वाईट हसू. "अवो रावसायब, गळ्यातलं लिंग तुमी काढून घेतलं. त्याच्या पूजेबिगर तो पानी पीत न्हाय. तुमीच तोंडाला कुलूप घातलं आनि आता तोंड उघडत न्हाय म्हनून मारनार?"

"मी काढलं नाही. नियम आहे. चांदी-सोनं कैद्याजवळ ठेवता येत नाही. आणि मी घरी पाठवली म्हणून डबी मिळाली तुम्हाला. दुसऱ्यानं गिळली असती."

"तुमच्या खांद्यावरचं जानवं काढून घरी पाठवलं तर?"

पंतांचा हात आपोआप छातीकडं गेला. "भलतंच! जानवं सुताचं असतं. सुताला कोण अडवतो? अडचण चांदीची आहे."

"चांदीची?"

"चांदीची."

"आतल्या देवाची न्हाय?"

"देवाबद्दल नियमात काही नाही," पंत चिडून म्हणाले.

जगदेवीनं मूठ उघडली. मामंजींचा आवाज कानात होता. डबी उघडू नगंस. दुसऱ्याचं लिंग शिवू नगंस. तेही इथं, ब्राह्मण कारकुनाच्या टेबलापुढं, बंदुकीच्या दारात.

"तिकडं तोंड करा," ती म्हणाली.

"काय?"

"तोंड फिरवा म्हनते न्हवं! त्या बंदुकवाल्यालाबी सांगा!"

पंत खरंच भिंतीकडं वळले. बंदूकवालाही वळला. जगदेवीनं डोक्यावरनं पदर पुढं ओढला, पदराच्या काठाची एक पट्टी दातानं टरकावली आणि डोळे मिटून डबी उघडली. हाताला काळं, गुळगुळीत, गार लागलं. एवढ्या उन्हातनं आणलं, तरी गार. ते तिनं पट्टीत गुंडाळलं, गाठ मारली, वर त्याचाच जुना दोरा बांधला. काम संपेपर्यंत तिच्या तोंडात शिव्या होत्या का नाव होतं, ते तिचं तिलाच माहीत.

रिकामी डबी तिनं टेबलावर आपटली. "ही तुमची चांदी. आनि हे सूत. आता अडवा."

डबीच्या आवाजानं पंत वळले आणि त्यांनी चिंधी बघितली. मग त्यांनी इभूतीची वडी उचलली, आत काही दडवलंय का म्हणून फोडली, बेलाची पानं झटकली आणि बंदूकवाल्याला खूण केली. "तांब्यासकट आत दे. त्या मल्लिकार्जुन तेल्याला. त्याच्याच हातात."

"तांब्या परत पायजे," जगदेवी म्हणाली.

"मिळेल हो!"

आता बाहेर तारेपाशी उन्हात बसायचं. आणि इथं, इतका वेळ रागानं उभी असलेली ही बाई, आतनं खचायला लागली. कारण ती नवऱ्याला ओळखत होती. नेमाचा पक्का. बायकोनं हात लावलेलं, डबीतनं काढलेलं, तिच्या पदराच्या चिंधीत बांधलेलं लिंग तो घेईल? का म्हणेल, इटाळलं, स्वामीकडनं दुसरं आना? तोवर जगेल?

"घेतील गं," हेमावती म्हणाली.

"तुला काय म्हाईत? मघाशी बांगड्या काढत हुतीस!"

हेमावतीनं पदर ताणून तिच्या डोक्यावर सावली धरली.

जगदेवीनं गळ्यातलं स्वतःचं लिंग लुगड्यावरनंच मुठीत धरलं. सकाळपासून तिनंही पूजा केली नव्हती, पाणीही घेतलं नव्हतं. हे आत्ता तिच्या ध्यानात आलं. ती पुटपुटली. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. "नेम त्याच्यापेक्षा मोटा करू नगंस. येवढं कर. मी हात लावला, पाप मला घाल. मी बघून घेते तुझ्याशी. पर त्याला पिऊ दे."

ऊन कलायला लागलं. तारेची सावली गुडघ्यावरनं छातीपर्यंत आली. तेव्हा बंदूकवाला बाहेर आला आणि त्यानं तारेवरनं तांब्या पुढं केला.

तिनं आधी आत बघितलं. रिकामा. ओला. पण पाणी काय, ओतूनही देता येतं.

मग तिनं तांब्या फिरवला. पितळेच्या पोटावर तीन बोटं ओढलेली होती. आडवी, पांढरी, नीट. इभूत ओली असताना ओढलेली, कडेला जरा थरथरलेली. पूजा झाली की कपाळाला लावायच्या आधी मल्लिकार्जुन पाण्याच्या भांड्याला अशीच तीन बोटं ओढायचा. रोज ती तांब्या घासताना करवादायची.

हेमावतीनं तोंडाला पदर लावला. जगदेवी रडली नाही. तिनं त्या तीन रेघांवर कपाळ टेकवलं, नाक वर ओढलं आणि तडक आत टेबलापाशी गेली.

"पाणी प्यायला तो," पंत म्हणाले. "वर कळवतो तसं. आता फटके नाहीत बसायचे." मग डबी पुढं सरकवली. "ही घेऊन जा."

"ऱ्हाऊ द्या. ज्या दिशी मानूस सोडाल त्या दिशी त्याच्याच हातात द्या. मी उद्या सकाळी येनार. परवाबी येनार. पानी, इभूत आनि बेल."

"ठीक आहे, ठीक आहे."

"ठीक न्हाय. घरचा बेल संपला. म्हंजे पहाटं तोडायला मीच जानार, त्याच झाडाखाली." तिनं तांब्या काखेत मारला. "तुमच्या गोऱ्यांना आत्ताच सांगून ठेवा. हातात लांब बांबू असनार, वर पांढरी झोळी असनार. आकडी हाय ती. झेंडा न्हाय. आनि झेंडा वाटला तर वाटू दे, पर बेल पोचल्याबिगर मला कुनी हात लावायचा न्हाय!"

तारेबाहेर हेमावती उभीच होती. दोघी कसब्याकडं चालायला लागल्या.

"तुमची जुनी लांब काठी हाय न्हवं, माळ्यावर?" जगदेवीनं विचारलं. "आमची त्या मेल्यांनी नेली."

"हाय की."

"आनि एक खिळा बघ. वाकडा."