तीस भाग पाणी

रसायनशास्त्राच्या मास्तरांचा देव एकच, शुद्धता. सूक्ष्मजीव शिकणाऱ्या पोरांना रसायनाची बाराखडी शिकवायला कॉलेजने त्यांना त्या प्रयोगशाळेत धाडलं, आणि आल्या दिवसापासून ते प्रत्येक बाटलीचं लेबल नाकाला लावून वाचू लागले. शिकलेल्या माणसाला गर्व असावा, पण मास्तरांचा जरा जास्तच उतू जात होता.

सोमवारी, भर वर्गात, प्रयोगशाळेच्या मावशी अल्कोहोलच्या कॅनमधून थोडं अल्कोहोल बाटलीत काढून वर पाणी ओतताना त्यांना दिसल्या. मास्तर कडाडले, "पाणी घालून मापात भरायचं, आणि वाचलेलं कुठे जातं हो मावशी?"

"सर, ओटे पुसायला असंच लागतं. आधी शिकवणाऱ्या बाईंनी..."

"चोराच्या उलट्या बोंबा! चोरी ती चोरी, वर मला शिकवताय?"

पोरं हसली. मावशींनी बाटली खाली ठेवली. त्याच तासाला मास्तरांनी त्यांना काचेची भांडी धुवायच्या खोलीत पाठवलं आणि ओटे यापुढे निव्वळ अल्कोहोलने पुसायचे, असं फर्मान काढलं.

गुरुवारी जंतू वाढवायच्या काचेच्या बशा उघडल्या. ज्यांत एकही जंतू सोडला नव्हता, त्यांतही पिवळे ठिपके माजले होते. सगळ्यांचे प्रयोग पाण्यात गेले. मास्तर पुस्तकं घेऊन बसले, आणि तिसऱ्या पानावर त्यांचे कान तापले. निव्वळ अल्कोहोल जंतूच्या बाहेरच्या प्रथिनांना झटकन गोठवतं. वर कवच तयार होतं, आत जंतू सुखरूप. शिवाय ते पुसता पुसता उडूनही जातं. सत्तर भागांना तीस भाग पाणी असलं, की ते सावकाश आत झिरपतं आणि काम तमाम करतं. मोठ्या आचेवर वरून करपतं नि आत कच्चं राहतं, हे कुठल्याही स्वयंपाकघरात ठाऊक असतं. ते मास्तरांना ठाऊक नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

ते धुण्याच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"मावशी, चूक माझी होती. माफ करा."

मावशींनी नळ बंद केला. "सर, चोर म्हणालात तेव्हा दार उघडं होतं."

मास्तरांनी आत्ताच लावलेल्या दाराकडे पाहिलं.

"पहिल्या बाकावर माझी मुलगी बसते. सगळे हसले, म्हणून तीही हसली. सोमवारपासून माझ्याशी बोललेली नाही."

इतकी लाज मास्तरांना जन्मात वाटली नव्हती. तरी त्यांनी दार उघडलं, मावशींना पुढे घालून वर्गात नेलं आणि सगळ्या पोरांसमोर उभं राहून सांगितलं, "सोमवारी मी यांना चोर म्हणालो. यांनी काहीच चोरलं नव्हतं. यांना येत होतं, मला येत नव्हतं. मावशी, मला माफ करा. आणि या सगळ्यांना तुम्हीच दाखवा."

या वेळी कोणी हसलं नाही. मावशींनी सत्तर भाग अल्कोहोल मोजून घेतलं. पहिल्या बाकावरची मुलगी उठली, पाण्याची बाटली घेऊन आईशेजारी जाऊन उभी राहिली.

"किती घालू, आई?"

"तीस."

खुर्ची मागेच होती, पण मास्तर तास संपेपर्यंत उभेच राहिले.