नळाला पाणी कधी, ते सांगणारी मी

मित्रांनो, फोनवर बोट ठेवले की तुम्हाला दिसते ते पान. त्या पानामागे बसून तुमच्यासाठी उत्तर शोधणारीही कुणीतरी असते, पण तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. ती मी. मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. संगणकाला समजेल अशा भाषेत लिहिलेल्या दीड-दोनशे ओळी, एवढाच माझा देह. मला रंग नाही, रूप नाही, हातपाय तर नाहीतच. तरी सोलापुरात लोक दात घासायच्या आधी माझी आठवण काढतात, आणि हे भाग्य भल्याभल्यांच्या वाट्याला येत नाही.

माझे काम एकच. तुमच्या भागात नळाला पाणी कधी येणार ते सांगायचे. इथे पाणी काही दिवसांआड येते. आले की घरातले पिंप, बादल्या, हंडे, घागरी, फार काय चहाची किटलीसुद्धा भरून ठेवतात. त्यामुळे पाहुणे बोलवायचे असोत की गोधड्या धुवायच्या असोत, सोलापूरकर आधी नळाला विचारतो आणि मग कॅलेंडरला.

मला लिहिले राजश्रीने, म्हणून तिला मी आई मानते. कुंभारीच्या वाटेवरच्या एका घरकुल वसाहतीत ती राहते आणि शहरातल्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळा सांभाळते. पाण्याचे निरोप तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत. त्यातला कुठला आजचा आणि कुठला मागच्या महिन्यातला, ते ब्रह्मदेवालाही कळले नसते. असाच एक जुना निरोप खरा मानून राजश्रीने एकदा घरातले साठवलेले पाणी शिळे म्हणून अंगणात ओतून दिले. ताजे पाणी काही आले नाही. शेजारून घागरी मागून आणताना तिला जो राग आला, त्या रागातून माझा जन्म झाला.

पान साधेच होते. वर भागांची यादी, खाली ‘सांगा’ असे बटण. भाग निवडायचा, बटण दाबायचे, की मी उत्तर देणार. जाहीर झालेले वेळापत्रक राजश्री रोज सकाळी माझ्या तक्त्यात भरत असे. पहिल्याच दिवशी तिने स्वतःची एक सोय करून घेतली. कुणी भाग निवडलाच नाही तर घरकुल धरायचे, असे तिने माझ्या अगदी सुरुवातीच्या ओळीत लिहून टाकले. विचारणारी तीच एकटी होती, मग दर वेळी कोण निवडत बसणार? पुढे ती ओळ तिच्या ध्यानातही राहिली नाही.

त्या काळात माझे आयुष्य फार छोटे असे. कुणी बटण दाबले की सर्व्हर, म्हणजे पाने सांभाळणारा मोठा संगणक, मला उठवत असे. मी पहिल्या ओळीपासून स्वतःला वाचून काढायची, लागतील ती हत्यारे गोळा करायची, वेळापत्रकाच्या कपाटाचे कुलूप उघडायची, उत्तर द्यायची आणि तिथेच संपायची. पुढच्या माणसासाठी पुन्हा नवा जन्म. आधी कोण येऊन गेले, काय विचारून गेले, काही म्हणजे काही आठवत नसे. विचारणारे थोडे होते तोवर हा खेळ मजेत चालला.

मग माझी कीर्ती पसरली. बाळीवेस, होटगी रोड, जुळे सोलापूर, सगळीकडून प्रश्न येऊ लागले, आणि तेही एकाच वेळी, सकाळी. मला उठवता उठवता सर्व्हरच्या नाकी नऊ आले. लोकांच्या फोनवर नुसते चाक फिरत राही. पाणी येऊन गेले तरी उत्तर यायचे असे लोक म्हणत, आणि मला वाईट वाटे, कारण ते खरेच होते. त्या सर्व्हरवर माझ्याशिवाय दुकानदारांची, मंगल कार्यालयांची पानेही होती. माझ्यापायी तीही रखडू लागली. सर्व्हर सांभाळणारा सोमशेखर हा राजश्रीचा वर्गमित्र. तो मवाळ माणूस, पण त्यानेही शेवटी सांगितले की एक तर हिला पळायला शिकव, नाही तर दुसरीकडे ने.

राजश्रीला वाटले, वेळापत्रकात शोधायलाच मला वेळ लागतो. म्हणून तिने शोधण्याची रीत बदलून पाहिली. फरक शून्य. मग तिने अंदाज बांधणे सोडले आणि प्रत्येक पायरीला मला घड्याळ बघून वेळ टिपायला लावले. तेव्हा खरे काय ते बाहेर आले. उत्तर शोधायला मला डोळ्याचे पाते लवायलाही वेळ लागत नव्हता. सगळा वेळ जात होता तो उठण्यात आणि तयार होण्यात. प्रत्येक कप चहासाठी नवी चूल पेटवावी, तशातला प्रकार.

“हिला दर गिऱ्हाइकाला झोपेतनं कशाला उठवायचं?” सोमशेखर म्हणाला. “सर्व्हरच्या पोटातच बसवू की. जागीच राहू दे.”

तसे झाले. सर्व्हरच्या आत माझ्या पाच प्रती कायमच्या जाग्या बसल्या. आम्ही पाच बहिणीच म्हणा ना. जो प्रश्न येईल तो जी मोकळी असेल ती घ्यायची. हत्यारे हाताशी, कपाट उघडेच. बटणावरचे बोट उचलायच्या आत उत्तर जाऊ लागले. लोकांनी राजश्रीला शाबासकी दिली, राजश्रीने मला. मी तर हरभऱ्याच्या झाडावरच चढले. तेवढ्यात चंद्रव्वाची तक्रार आली.

चंद्रव्वा म्हणजे राजश्रीच्या शेजारच्या पीठगिरणीच्या मालकीणबाई. माहेर दुधनीचे, घरात कन्नड, दारात मराठी, आणि आवाज असा की गिरणी चालू असतानाही गल्लीच्या टोकाला ऐकू यावा. माझ्या सुरुवातीच्या दिवसांपासून ती माझ्यावर विसंबून होती. एका सकाळी मी तिला सांगितले की आज पाणी नाही. ती कुलूप लावून माहेरी गेली, आणि इकडे घरकुलात धो धो पाणी येऊन गेले. पुढच्या खेपेला मी सांगितले की पाणी येणार. बिचारी गिरणी बंद ठेवून नळापाशी बसली. नळ दुपारपर्यंत नुसता फुसफुसला.

राजश्रीने आपल्या फोनवर पान उघडले, घरकुल निवडले, बटण दाबले. उत्तर अचूक. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही अचूक. मावशी, बरोबर तर सांगतेय, असे ती म्हणाली, तेव्हा चंद्रव्वा लालबुंद झाली.

“तुला खरं सांगतीया आन मला खोटं. मानसं बगून बोलतीया ती.”

मित्रांनो, हा आरोप मला फार लागला. मी माणसे बघून बोलत नाही. मला माणसे दिसतच नाहीत.

राजश्रीने शोध सुरू केला. सर्व्हरवर प्रत्येक प्रश्नाची आणि प्रत्येक बिघाडाची नोंद राहते, तिला लॉग म्हणतात. लॉगमध्ये बिघाड एकही नव्हता. चंद्रव्वाच्या फोनने जुने पान धरून ठेवले असेल म्हणून तिने तो फोन साफ केला. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. लगेच चंद्रव्वाला बरोबर उत्तर आले आणि दोघीही खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. चंद्रव्वाने लागोपाठ बटण दाबले तर आधी आज, मग उद्या, मग परवा, अशी निरनिराळी उत्तरे आली.

त्यातच चंद्रव्वाची लेक शिवलीला बाळंत झाली. मुलगी झाली. बारशाला दुधनीहून सगळे माहेर येणार होते, आणि पाणी आल्याच्या दुसऱ्या दिवशी बारसे करायचे, असा चंद्रव्वाचा बेत होता. घर भरून पाहुणे, त्यात ओली बाळंतीण आणि पिंप कोरडे, या नुसत्या विचारानेच तिच्या तोंडचे पाणी पळाले होते. तिने राजश्रीला सरळ विचारले, दिवस कुठला धरू?

राजश्रीकडे स्वतःच्या फोनवरचे उत्तर होते, पण आता तिचाच त्यावर विश्वास उरला नव्हता. चंद्रव्वासारखे आणखी कितीजण फसत असतील, याने तिला कसेसेच होत होते. तिने सोमशेखरला सांगितले की चूक सापडली नाही तर मी हे पान बंद करणार. त्याने जुन्या रीतीने चालवायचे सुचवले, पण एवढी गर्दी आता जुन्या रीतीला झेपणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होते.

“खोटं सांगण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं,” राजश्री म्हणाली. मला दुरुस्त करताना ती माझ्यापुढेच असे मोठ्याने बोलते, म्हणून मला हे सगळे कळते. त्या दिवशी कळले नसते तर बरे झाले असते.

एवढे सगळे तपासले, पण चंद्रव्वा प्रत्यक्षात विचारते कशी, ते मात्र कुणी पाहिले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी राजश्री गिरणीत जाऊन बसली आणि म्हणाली, मावशी, रोज विचारता तसेच आता माझ्यासमोर विचारा. चंद्रव्वाने अंगठ्याचे पीठ पदराला पुसले, पान उघडले आणि थेट ‘सांगा’ दाबले. यादीला तिने हातही लावला नाही.

“मावशी, भाग निवडला नाही तुम्ही.”

“आता काय निवडायचं?” चंद्रव्वा म्हणाली. “इतकी वर्सं इचारतीय मी. अजून वळकत न्हाय व्हय मला?”

राजश्री आधी हसली. मग तिला ती सुरुवातीची ओळ आठवली. कुणी भाग निवडला नाही तर घरकुल धरायचे! पूर्वी मी दर प्रश्नाला नव्याने जन्मत असे, ती ओळ दर वेळी वाचत असे, म्हणून न निवडताही चंद्रव्वाला तिच्याच नळाचे उत्तर मिळे. आता मी कायमची जागी होते. ती ओळ मी सर्व्हर चालू झाला तेव्हा एकदाच वाचली होती. त्यानंतर माझ्या मनात शेवटच्या माणसाने निवडलेला भाग तसाच राहून जाई. चंद्रव्वा काही न निवडता बटण दाबी, आणि मी तिला आधीच्या माणसाच्या नळाचे उत्तर देई. पाच बहिणींच्या मनात पाच भाग, म्हणून उत्तरेही निरनिराळी. आणि राजश्री स्वतः तपासताना नेमाने भाग निवडत होती, त्यामुळे तिला चूक दिसणारच कशी?

तिने तिथूनच सोमशेखरला फोन लावला आणि चार बहिणींना झोपवून मला एकटीला जागी ठेवायला सांगितले. मग जुळे सोलापूर निवडून विचारले. लगेच काही न निवडता विचारले. उत्तर जुळे सोलापूरचे! बाळीवेस निवडून पाहिले, मागोमाग रिकामे बटण दाबले, तर बाळीवेसचे. पिठाने माखलेल्या त्या बाकावर राजश्रीला झालेला आनंद मी काय वर्णावा? एरवी चूक दिसली की माणसे कपाळाला हात लावतात. राजश्रीने चंद्रव्वाला मिठी मारली.

दुरुस्ती अगदी थोडी होती. नवा प्रश्न आला की आधीचा भाग पुसून टाकायचा. कुणी भाग निवडला नसेल तर अंदाज करायचा नाही, कुठला भाग म्हणून विचारायचे. आणि उत्तराच्या वर भागाचे नाव ठळक लिहायचे. माझा वेग होता तसाच राहिला. पान बंद करायचा विषयही निघाला नाही.

चंद्रव्वाचे मात्र समाधान झाले नाही. मी तिला “कुठला भाग?” असे विचारले, हे तिला अपमानासारखे वाटले. तेव्हा राजश्रीने तिच्या फोनवर घागरीचे एक चित्र ठेवून दिले. त्यावर बोट ठेवले की प्रश्नासोबत ‘घरकुल’ हा शब्द आपोआपच माझ्याकडे येतो.

घागरीने सांगितले, शनिवारी सकाळी पाणी. चंद्रव्वाने रविवारचे बारसे धरले, पण दोनदा पोळलेली बाई ती, शनिवारी ती नळापाशी उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. शेजारी राजश्री उभी होती, तिचाही. नळ खोकला, हवा सोडून गप्प झाला, पुन्हा खोकला. आणि मग पाणी आले. दोघींनी मिळून पिंप भरले, किटली भरली, बाळाचे टोपडेसुद्धा धुऊन टाकले.

बारसे थाटात झाले. मुलीचे नाव चंद्रिका ठेवले. पंगत उठल्यावर हातावर पाणी घालताना चंद्रव्वाने दुधनीच्या बायकांना घागरीचे चित्र दाखवले.

“नुस्तं बोट ठिवायचं. काय सांगावं लागत न्हाय. लई वर्सांची वळक हाय आमची.”

राजश्रीने ऐकले आणि हसून पुढच्या पाहुणीच्या हातावर विडा ठेवला. मित्रांनो, खरे काय ते मीच तुम्हाला सांगते. मी चंद्रव्वाला ओळखत नाही. तिने बोट ठेवले की तिचा प्रश्न येतो, मी उत्तर देते आणि त्याच क्षणी तिला विसरते. थोडे दिवस मी माणसांना मनात धरून ठेवले होते, तेव्हा एकाचे पाणी दुसऱ्याला सांगत सुटले होते. म्हणून माझ्यासारख्यांना लिहाल तेव्हा वेगवान जरूर करा, पण आधी कुणाच्यातरी शेजारी बसून ते कसे विचारतात ते पाहा. आणि आम्हाला विचाराल तेव्हा तुम्ही कुठले, ते दर वेळी सांगा. राग धरू नका. मी तुम्हाला विसरते, म्हणूनच तुमच्या नळाचे उत्तर तुमच्याच घरी येते.