सतरा नंबरचा पेशंट

बायपास होऊन तीन महिने झाले तरी बाबा खुर्ची सोडायला तयार नव्हते. चाला, चाला म्हणून डॉक्टर थकले, लेकीने तर कानीकपाळी ओरडून पाहिलं. पण हे ढिम्म! पाण्याचा पेलासुद्धा हातात लागायचा.

शस्त्रक्रियेनंतर रक्त कसं वाहतं, याची कॉम्प्युटरवर मॉडेलं करणं हेच लेकीचं काम. एका दुपारी तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. पडद्यावर हृदयाला जोडलेली नवी नळी होती, आणि जोडापाशी रक्त निळं होऊन जागच्या जागी घुटमळत होतं.

"निळं म्हणजे मंदावलेलं," ती म्हणाली.

"कोण हा?"

"सतरा नंबरचा पेशंट. दिवसभर बसून असतो."

"आणि चालला तर?"

तिने आधीच करून ठेवलेलं दुसरं मॉडेल उघडलं. प्रवाह वाढला, निळा डाग बघता बघता धुऊन निघाला.

बाबा उखडले. "मग घरचे काय झोपलेत? उठवा की त्या आळशाला!"

लेकीने त्यांचे बूट आणून खुर्चीपुढे ठेवले.

बाबांनी बुटांकडे पाहिलं, मग लॅपटॉपच्या पडद्याकडे.

"लेस तू बांधतेस," ते म्हणाले, "की तेही आळशानेच करायचं?"