चिलखत घातलेला जादूगार

"उघड ना लवकर! नव्या पुस्तकाचा वास घ्यायचाय मला," भाग्यश्री म्हणाली, आणि मन्सूरने हातातला कप खाली ठेवला.

तेजसने बॅगेतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. सहा महिने अमेरिकेत कंपनीच्या ऑनसाइट कामावर काढून तो परवाच परतला होता. लोक येताना चॉकलेटं आणतात. ह्याने खेळाच्या नियमांचं अस्सल पुस्तक आणलं होतं, जाड पुठ्ठ्याचं, रंगीत चित्रांचं, आणि सगळी पानं असलेलं.

"घ्या! आता मन्सूरभाईंच्या झेरॉक्सला सुट्टी," तो म्हणाला. सगळे हसले. मन्सूरही हसला. न हसून करतो काय?

वारज्यातल्या सुदर्शनच्या फ्लॅटवर दर रविवारी दुपारी हे चौघं जमत. तिघं सॉफ्टवेअर कंपन्यांत होते आणि चौथ्या मन्सूरचं खाली कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान होतं. खेळही असा की बाहेरच्याने पाहिला तर चौघांना येरवड्याला नेऊन सोडावं. पट नाही, पत्ते नाहीत, जिंकणं-हरणं नाही. सुदर्शन गोष्ट सांगायचा, गुहांची, राक्षसांची. बाकीच्यांनी आपापलं एक पात्र कागदावर लिहून ठेवलेलं असायचं. पात्राने काय करायचं ते आपण सांगायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार, आकडा मोठा तर जमलं. पात्र मेलं की मेलं. लढवय्या असेल तर त्याला तलवार आणि चिलखत. जादूगार असेल तर मंत्र, पण अंगात साधा सुती झगा.

मन्सूरचा शमशेर तेवढा दोन्ही होता. आधी लढवय्या, मग मधेच जादू शिकलेला. अंगात पोलादी चिलखत आणि तोंडात मंत्र. असं चालतं का, हे ज्या पानावर लिहिलं होतं ते त्यांच्या झेरॉक्स प्रतीत नव्हतंच. मूळ पुस्तकाचा मालक केव्हाच पुणं सोडून गेलेला. तेव्हा सुदर्शनने निकाल दिला होता, "मनाई सापडत नाही, म्हणजे परवानगी." त्याला आता चार वर्षं झाली.

ते पान मन्सूरनेच काढलं होतं. स्पायरल तुटलं म्हणून प्रत दुकानात आली, तेव्हा. असं का केलं, हे त्याने स्वतःला हजारदा विचारलं होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलं आणि मशीन गळ्यात पडलं. त्यानंतर त्याने जगातली सगळी पुस्तकं वाचली, पण एकेक पान, तेही मशीनचं झाकण पडेपर्यंत. "दोन डगरींवर पाय ठेवू नकोस," असं अब्बा मरेपर्यंत बजावत राहिले. त्या पानावरही नेमकं तेच लिहिलेलं पाहून त्याचं डोकं फिरलं होतं. निदान कागदावरच्या माणसाला तरी दोन्ही मिळू दे, एवढंच त्या वेळी त्याला वाटलं.

आता भीती शमशेरची नव्हती. शमशेर काय, कागदाचा. पण वारज्यात हे एकच टेबल असं होतं, जिथे त्याला कोणी 'ओ झेरॉक्सवाले' म्हणत नसे. हे लोक आता खोटारडा म्हणाले तर रविवारी दुपारी जायचं कुठे?

"खेळायला निघालात की कोर्टात?" सकाळी त्याच्या बायकोने, मेहजबीनने, विचारलं होतं. पुस्तक येणार हे कालच कळलं होतं आणि दाढी करताना त्याला दोनदा कापलं होतं, म्हणून.

खेळ सुरू झाला. पुस्तक तेजसच्या कोपराशी पडून होतं. मन्सूरची नजर फिरून फिरून तिथेच जात होती. गोष्टीत तिघं एका अरुंद खिंडीत अडकले होते आणि वरून तिरंदाज बाण मारत होते.

"शमशेर आगीचा मंत्र टाकतो," मन्सूर म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"एक मिनिट," तेजसने पुस्तक ओढलं. "आता बघूनच टाकू ना, लढवय्या जादू शिकला तर नक्की काय होतं ते. चार वर्षं अंदाजपंचे चाललंय."

तो अनुक्रमणिका शोधू लागला. मन्सूर त्याचं बोट ओळींवरून सरकताना पाहत राहिला. गप्प बसलं तर? पान मशीनने खाल्लं, हे तर सगळ्यांनी कधीच मान्य केलं होतं. नियम सापडेल, शमशेरचं चिलखत जाईल, पण मन्सूरवर कोणी बोटसुद्धा ठेवणार नाही. फक्त गप्प बसायचं.

"अठ्ठावीस," तो म्हणाला.

"काय?"

"पान अठ्ठावीस. चिलखत उतरवल्याशिवाय त्याला मंत्र टाकता येत नाही." त्याने पेन्सिल खाली ठेवली. "ते पान मशीनने नाही खाल्लं. मी काढलं होतं. वाचून मगच काढलं होतं."

तेजसने अठ्ठावीस नंबरचं पान उघडलं, वाचलं आणि पुस्तक सुदर्शनकडे सरकवलं.

"चार वर्षं," सुदर्शन म्हणाला. "आमच्या कंपनीत इतका टिकाऊ बग कोणी सोडलेला नाही, मन्सूरभाई." मग त्यालाच कसंसं झालं. "जाऊ द्या हो. खेळ तर आहे. आपण आपला घरचा नियम करू, शमशेरला चालतं म्हणून. काय?"

"हो, चालेल की," तेजस म्हणाला.

भाग्यश्री आपल्या कागदाचा कोपरा दुमडत होती. हा कागद तिच्या दुसऱ्या पात्राचा. पहिली तिची चांदणी, जादूगार, दोन वर्षांपूर्वी बाण लागून मेली होती, आणि त्या दिवशी भाग्यश्री मोरीत जाऊन रडून आली होती.

"माझी चांदणी सुती झग्यात मेली, मन्सूरभाई," ती हळूच म्हणाली. "तुमचा शमशेर शेजारीच उभा होता."

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मन्सूरला मान वर करवेना. चिलखत आपल्याला मिळालं एवढंच त्याने धरून ठेवलं होतं. ते कोणाला मिळालं नाही, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"घरचा नियम नको," तो म्हणाला. त्याने खोडरबर घेतला आणि शमशेरच्या कागदावरची चिलखताची ओळ खोडली. चार वर्षांची पेन्सिल, सहजासहजी जाईना. "शमशेर खिंडीत थांबतो. चिलखत उतरवतो. मग मंत्र."

"अहो, उतरवेपर्यंत वरून बाण येतील," सुदर्शन म्हणाला. "मी फासा टाकू?" त्याच्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा होता. आडोशामागे फासा टाकायचा आणि कोणाची दया आली तर आकडा गिळायचा, ही त्याची जुनी सवय सगळ्यांना ठाऊक होती.

"टाका. पण इथे, सगळ्यांसमोर."

फासा टेबलावर गडगडला आणि भाग्यश्रीच्या कपाला अडून थांबला. सुदर्शन आकडा बोलेना. मन्सूरने वाकून पाहिलं.

"एकोणीस," तो म्हणाला. "लागला. शमशेर गेला."

त्याने कागदाची घडी घातली. ज्याचं पात्र गेलं त्याने उरलेला दिवस बाहेर बसायचं, असा रिवाज होता. बहुतेक जण घरी जात. तेजस म्हणाला, "थकला असाल तर निघा, मन्सूरभाई." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मन्सूरला उठावंसं वाटेना आणि बसावंसंही वाटेना. त्याने चपलांकडे पाहिलं.

खेळ पुढे सरकला. तिरंदाज खाली उतरू लागले. भाग्यश्रीने आपला कागद उलटसुलट पाहिला, मग पुस्तक उचललं आणि मन्सूरच्या पुढ्यात ठेवलं.

"जरा बघा ना," ती म्हणाली, "विषारी बाणाचा नियम काय आहे?"

मन्सूरने पान काढलं. उन्हं गॅलरीतून उतरेपर्यंत तो तिथे बसून राहिला आणि कोणी विचारेल तो नियम, ज्याच्या बाजूने लागेल त्याच्या बाजूने, एक शब्दही न गाळता मोठ्याने वाचून दाखवत राहिला.