जोड न लागणारं कापड

थांबा, टोपली घेऊन पुढे येऊ नका! मी केळ आहे हे खरं, पण माझ्याकडे केळी मागायची नाहीत. आमच्या जातीचा घड म्हणजे बोटाएवढी फळं, आणि तीही बियांनी गच्च भरलेली. माझा सगळा तोरा पानांचा. वरून हिरवं, त्यावर गडद लाल शिंतोडे, आणि पाठ वांग्यासारखी जांभळी. फुशारकी वाटली तर वाटू द्या.

नर्सरीत मात्र मी काळ्या पिशवीत, सावलीला पडून होते. ऊन नाही म्हणून रंग पार उतरलेला. "रोगट दिसतंय," म्हणत गिऱ्हाइकं पुढे जायची. मग एक दिवस एक वाकलेले गृहस्थ आले, गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. त्यांनी माझं पान दोन बोटांत धरून चोळलं, कापडाचा पोत बघतात तसं. "रंग उतरलाय, पण माल अस्सल आहे," म्हणाले आणि मला घरी घेऊन आले.

हे आमचे मास्तर. कपडे शिवतात, म्हणून गल्लीभर मास्तर. शिवणयंत्राजवळच्या खिडकीसमोर, भर उन्हात त्यांनी मला लावलं. ऊन अंगावर पडलं आणि असा काही रंग चढला, की माझं मलाच नवल वाटलं.

मास्तर तर वेडेच झाले! माझं नवं पान गुंडाळलेल्या ताग्यासारखं वर येतं आणि हळूहळू उलगडतं. त्या दिवशी यंत्र बंद. गिऱ्हाईक दारात ताटकळतंय आणि हे खुर्ची टाकून माझ्यापुढे.

"अगं, बाहेर ये! नवा माल निघाला!"

काकू, म्हणजे त्यांची बायको, हात पुसत यायच्या. "मागच्यासारखंच तर आहे."

"मागच्यासारखं? जन्मभर नक्षीला नक्षी जुळवून शिवण घातली मी. इथे दोन पानं शेजारी धरून बघ, एक ठिपका जुळेल तर शपथ! या कापडाचा जोडच लागत नाही. कोण छापत असेल गं हे?"

हे विचारताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. अंगात हाड ना मांस, तरी मला मूठभर मांस चढायचं.

पण मास्तरांना एक खोड होती. लोंबता दोरा दिसला, की कात्री चाललीच. माझ्या बुंध्याशी पिल्लं फुटू लागली, तर तीही त्यांना लोंबते दोरेच वाटली. "घेर बिघडतोय," म्हणत खुरप्याने गड्ड्याच्या तुकड्यासकट उकरायचे आणि कुंपणाकडे भिरकावायचे. माझा जीव तुटायचा, पण सांगणार कुणाला? काकू मागून येऊन ती उचलून घरामागे न्यायच्या. कापडाच्या चिंध्याही त्या अशाच उचलायच्या आणि जोडून चादरी शिवायच्या. पण पिल्लांची काय चादर होणार? कचऱ्यात जात असतील, असं मी मनाशी धरलं होतं.

यंदा माझ्या पोटातून केळफूल वर आलं. मास्तरांनी टाळ्या पिटल्या आणि दाखवायला नर्सरीवाल्या बाईंना घेऊन आले.

बाईंनी माझ्या बुंध्याची माती चाचपली. "मास्तर, एक खोड एकदाच फुलतं, मग वाळतं. हिची पिल्लं कुठायत?"

"ती... मी काढून टाकली."

"सगळी? पुन्हा फुटायला गड्ड्याला एक डोळा ठेवला नाहीत हो! असलं रोप आता माझ्याकडेही नाही. संपला हिचा वंश."

मास्तर माझ्यापाशी मातीत बसले. मला मरणाचं काही नव्हतं. फुलायचं आणि जायचं, ही आमची रीतच आहे. पण हे लाल शिंतोडे पुन्हा कुठेच उमटणार नाहीत, हे फार लागलं. "माझ्याच हातानं गं," म्हणत मास्तर माझ्या बुंध्यावर हात फिरवत राहिले आणि चक्क रडले.

"झालं रडून, की आहे अजून?" दारातून काकू म्हणाल्या. घरामागे गेल्या आणि तेलाचा जुना डबा कमरेवर घेऊन आल्या. डब्यात माझं पिल्लू! मग दुसरा डबा. मग एक फुटकी बादली.

"तुम्ही कापायचं आणि मी उचलायचं. लग्न झाल्यापासून दुसरं काय चाललंय आपलं?"

"अगं, मला सांगायचंस तरी!"

"म्हणजे त्यांचाही घेर नीट करायला आला असतात!"

नर्सरीवाल्या बाई खो खो हसत सुटल्या. मास्तर मात्र गुडघ्यांवर आले. पिल्लांचं एकेक पान त्यांनी माझ्या पानाशेजारी धरून पाहिलं. माझीच लेकरं, आणि एकाचाही ठिपका माझ्याशी जुळेना! "यांचाही जोड लागत नाही गं," ते हळूच म्हणाले आणि बराच वेळ तसेच बघत राहिले. बघत मीही होते. इतकी पानं काढली, पण आपल्यातून काय निघतंय ते मला तरी कुठे ठाऊक होतं?

आता माझी पानं वाऱ्याने चिरफाळली आहेत, फूल खाली झुकलंय. थोरलं पिल्लू डब्यातून काढून माझ्याशेजारी लावलंय. मास्तर, माझं एवढं ऐका. मी आडवी झाले की खुशाल कापा मला, बारीक तुकडे करा. फक्त कुंपणाकडे भिरकावू नका, लेकीच्या पायाशी पसरा. जमत नसेल तर काकूंना हाक मारा. कापून टाकलेल्याचं काय करायचं, ते त्यांना बरोबर ठाऊक आहे.