बदकाचा सांगावा

"बंकटराव, तुमच्या गिरणीत फोन नीट लागतो का?" योगिता मॅडमनी इचारलं, तवा मी छाती फुगवून म्हनलं, "अख्ख्या गावात हितंच लागतो!" तिथंच घोळ झाला बगा.

मॅडम बीडहून पान्याच्या तपासनीसाठी आलत्या. आमच्या पाझर तलावात त्यांनी एक पिवळी, पाटाएवढी होडी सोडली. तिच्यात मानूस न्हाई, वल्हं न्हाई. उन्हावर चालायची, आपली आपनच फिरायची, जागोजाग पानी तपासायची अन् कसं हाय ते फोनवर कळवायची. पोरांनी नाव ठिवलं बदक. माझी पिठाची गिरणी तलावाला लागून, म्हनून गावाकडून नंबर माझा दिला. पानी बिघडलं की काठावरच्या बाभळीला लाल फडकं बांधायचं अन् समद्यांना सांगायचं, एवढंच माझं काम.

होडी बघायला जमलेल्या गर्दीत आश्रुबा मेंढपाळ सगळ्यात मागं उभा व्हता. त्याच्या घरात बापजाद्यांपासनं एक रीत. कंच्याबी पान्यावर आधी आपन वंजळभर प्यायचं, घटकाभर थांबायचं, मगच मेंढरांना शीळ घालायची.

"आता कशापायी प्येतो बे असलं गढूळ?" मी त्याला चिडवलं. "तुझ्यापरीस बदकाची जीभ तेज हाय."

"खरंच कळतं व्हय त्याला?"

"न कळायला काय झालं? अन् मी हाय की हितं!"

त्यो हसला. चार-आठ दिवस तरीबी वंजळ भरलीच त्यानं, मग सोडली. माझ्या शब्दावर सोडली.

फोन रोज तीनदा वाजायचा. 'पाणी चांगले आहे.' चार महिने तेच. पिठाच्या हातानं फोन काढायचा, बघायचं, पुना ठिवायचं. लई कटाळा आला. एक दिवस आवाजच बंद करून टाकला. म्हनलं, सांजच्याला एकदा बघत जाऊ. सांजच्याला कुनाला याद राहते?

वैशाख लागला. तलाव आटून तळाला गेला, पानी हिरवट झालं. उन्हाळ्यात होतंच तसं, कुनी मनावर घेतलं न्हाई. बुधवारी दुपारी आश्रुबा अठ्ठेचाळीस मेंढरं घिऊन गिरणीपुढून गेला. मला हात बी केला त्यानं. मी ज्वारी दळीत व्हतो.

तासाभरानं त्याच्या बायकोचा, रतनबाईचा, आरडा आयकू आला. पळत गेलो. मेंढरं काठावर पाय झाडत पडलेली, तोंडाला फेस. रतनबाई एकेकीला नावानं हाका मारीत तोंडात ताक वतीत व्हती. आश्रुबा एका गाभनीचं डोस्कं मांडीवर घिऊन बसलेला. ती त्याच्याकडं बघत बघतच गेली. दिस मावळस्तोर एकेचाळीस गेली. सात वाचली, ती मागं बाभळीच्या शेंगा खात रेंगाळली म्हनून.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. पानी बघून म्हनल्या, "शेवाळाचं विष आहे. होडीनं मंगळवारी सकाळीच कळवलंय." अन् माझ्याकडं बघितलं.

मी फोन काढला. एकाखाली एक मेसेज. 'पाणी विषारी. जनावरे पाजू नका.' मंग मी बाभळीला फडकं बांधलं. बैल गेला अन् झोपा केला!

आश्रुबाच्या पायावर पडलो. "चूक माझी हाय. मार मला. शिव्या तरी घाल!"

रतनबाईनं तोंड फिरवलं. आश्रुबा एवढंच म्हनला, "ऊठ बे." गावात कुनी म्हनलं, देवाची करनी. कसली देवाची? माझी करनी, माझी!

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यो गिरणीच्या दारात, मागं सात मेंढरं. "बंकट, काय म्हंतंय रे आज बदक?"

मी वाचून सांगितलं, "खराबच हाय."

"बरं," म्हनला, अन् सातांना घिऊन दीड कोसावरच्या हिरीकडं चालायला लागला. तवापासनं रोज येतो, रोज इचारतो. वाकडा शब्द न्हाई. शिव्या घातल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

काल मेसेज आला, 'पाणी चांगले आहे.' मी चारदा वाचला. आश्रुबा दारात उभा, मेंढरांच्या जिभा बाहीर आलेल्या, तलाव हाकंवर. पुना माझ्या शब्दावर त्यानं मेंढरं पाजायची, ह्याचं मला धाडस व्हईना.

"सांग की, काय म्हंतंय?"

"खराबच हाय अजून," मी खोटं बोललो.

"बरं," म्हनला, अन् भर उन्हात सातांना घिऊन दीड कोस चालत गेला.