बारीक होत गेलेलं अक्षर

डॉक्टर चारुदत्तांना ‘माहीत नाही’ असं म्हणायला काही केल्या जमायचं नाही. चाळीस वर्षं हृदयाची डॉक्टरकी केली, रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळात कुणाला शिंक आली की फोन काकांना. संजयचा गुडघा असो की उल्काच्या बाळाचे दात, काकांचं उत्तर तयार. बरं, माणूस असा लाघवी की कितव्याही फोनला कंटाळणार नाही. मग नावं तरी कुठल्या तोंडाने ठेवणार?

मंडळाच्या ज्येष्ठांसमोर यंदा त्यांनी सॉक्रेटिसवर बोलायचं घेतलं. लायब्ररीतून चार जाडजूड पुस्तकं आणली, महिनाभर टिपणं काढली आणि नेहमीसारखी बायकोच्या, सुचित्राबाईंच्या हातात दिली. हा त्या घरातला जुना रिवाज. डॉक्टरांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागायचं नाही आणि सुचित्राबाईंचं अक्षर बघत राहावं असं. लग्नापासूनचं प्रत्येक भाषण त्यांनीच शाईच्या पेनाने उतरवून दिलं होतं.

“यंदा टाइप करून घ्या ना,” त्या म्हणाल्या. “माझा हात पहिल्यासारखा चालत नाही हो.”

“अगं, खांदा आहे तो. जानेवारीत बर्फ उपसलास ना, त्याचं दुखणं. होईल ठीक.”

हाताची तक्रार त्यांनी केल्याची ही तिसरी वेळ होती. पहिल्यांदा डॉक्टरांनी कारण म्हणून चष्म्याचा नंबर सांगितला होता, दुसऱ्यांदा वय. चार दिवस खपून सुचित्राबाईंनी सगळं लिहून काढलं.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये साठेक माणसं जमली. डॉक्टरांनी सुरुवात तर झकास केली. हा ग्रीक म्हातारा गावातल्या भल्याभल्या शहाण्यांना गाठून साधे प्रश्न विचारायचा, धैर्य म्हणजे काय, चांगलं जगणं म्हणजे काय, आणि बघता बघता त्यांची बोलती बंद करायचा, हे ऐकून मंडळी खूश झाली. डॉक्टरांनी दुसरं पान घेतलं.

“त्याला वाटायचं, आपलं शहाणपण असलंच तर एवढंच, की जे आपल्याला कळत नाही ते...”

पुढचं वाचता येईना. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. ओळ टपोऱ्या अक्षरांनी सुरू व्हायची आणि शेवटाकडे आक्रसत मुंगीएवढी व्हायची. प्रत्येक ओळ तशीच. असं अक्षर पार्किन्सनचं, म्हणजे कंपवाताचं, लक्षण असू शकतं हे त्यांना विद्यार्थी असल्यापासून ठाऊक होतं. परक्या पेशंटचा कागद असता तर एका नजरेत शंका आली असती. चालताना सुचित्राचा उजवा हात हलेनासा झाला होता, ब्लाउजच्या हुकांना तिला वेळ लागत होता, आणि या सगळ्याला त्यांच्याकडे काही ना काही कारण तयार होतं. त्यांनी कागद टेबलावर पालथा ठेवला.

“काका, पाणी देऊ?” पुढच्या रांगेतून रेणूने विचारलं.

“नको. थांबतो मी इथेच. मला यातलं काहीएक कळलेलं नाही.”

लोकांना वाटलं, हा भाषणाचाच भाग. जोरदार टाळ्या पडल्या.

डॉक्टर खाली उतरले, सुचित्राबाईंना घेऊन थेट पार्किंग लॉटमध्ये आले. दोघं गाडीत बसली, पण गाडी त्यांनी सुरू केली नाही.

“अक्षर लागलं नाही ना?” त्या ओशाळून म्हणाल्या. “मोठं काढायचं म्हणून बसायचे हो, पण हात ऐकतच नव्हता.” मग त्यांनी विचारलं, “काय झालंय मला?”

एक उत्तर डॉक्टरांच्या ओठांवर आलं, त्यामागून समजुतीचं दुसरं आलं. दोन्ही त्यांनी गिळली आणि तिचा उजवा हात हातात घेतला.

“माहीत नाही. खरंच माहीत नाही मला. तू तीनदा सांगितलंस आणि तीनदा मी तुला शहाणपण शिकवलं. चुकलं माझं. सोमवारी न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेऊ. मला भीती वाटतेय, सुचित्रा.”

सुचित्राबाई रडल्या नाहीत. हात तसाच राहू देऊन त्या सीटला टेकल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे सैल पडले.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “वर्षभर मी एकटीच घाबरत होते.”